इथं बसून घाबरा

"घाबरायचं तर घाबरा, पन इथं बसून घाबरा."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या बाईंचा चांगलाच राग आला होता. माझ्या नवऱ्याला नुकतंच ऑपरेशन करून वॉर्डात आणलं होतं. नाकात नळी, हाताला सलाइन, पोटावर ही एवढी मोठी पट्टी. मी दारात उभी राहून तोंडात पदर कोंबून रडत होते. अशा वेळी कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा, पाणी आणून द्यावं, एवढीच माणसाची अपेक्षा असते. या सिस्टर आल्या, दंडाला धरून मला आत नेलं, खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर आदळल्यासारखं बसवलं, आणि हे वाक्य टाकून पुढच्या खाटेकडे चालत्या झाल्या.

तुम्हीही कधी ना कधी कुणाला तरी घेऊन हॉस्पिटलात बसला असाल. तिथे जो तो एकच सांगतो, घाबरू नका. डॉक्टर सांगतात, वॉर्डबॉय सांगतो, नारळपाणी घेऊन आलेला लांबचा मामेभाऊ सांगतो. सिस्टरांच्या तोंडून मात्र मी ते कधी ऐकलं नाही. पुढे ओळख झाल्यावर एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घाबरू नका म्हटलं की लोक चहा प्यायला जातात. मग पेशंटकडे बघायचं कोनी?"

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जुन्या पनवेलात तळ्याच्या बाजूला एका डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल होतं. खाली तपासणी, वर वॉर्ड आणि ऑपरेशनची खोली. आम्ही तेव्हा सुकापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे तळोज्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. कपड्यांना असा वास यायचा की मी ते वेगळ्या बादलीत भिजवायची. जेवणाला ताळतंत्र नाही, त्यात जरा डोकं दुखलं की गोळी घ्यायची सवय. एक दिवस पोट धरून कंपनीच्या गेटातच खाली बसले. जठराला भोक पडलं होतं.

ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले. "पण पहिले काही दिवस जपायला हवं." जपायचं म्हणजे कशापासून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. मी मुळातलीच भित्री. पाल दिसली तरी शेजारणीला हाक मारणारी. माझा भाऊ लहानपणापासून म्हणायचा, हिला घाबरायची हौसच आहे. आता तर खरोखरचं कारण मिळालं होतं. हे जगतील की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता, आणि तो कुणाला मोठ्याने विचारला तर खरा होईल असं वाटत होतं.

सिस्टर उरणकडच्या, कोळ्याघरच्या. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात शिकून, तिथे बरीच वर्षं काढून मग पनवेलला आलेल्या. ठेंगण्या, अंगाने रुंद, पांढरी साडी घोट्यापासून चार बोटं वर खोचल्यासारखी आखूड, आणि आवाज तळ्याच्या पलीकडे जाईल असा. लग्न केलेलं नव्हतं. त्यांचं नाव मी इथे सांगत नाही, कारण आम्हीही ते कधी घेतलं नाही. त्याही कुणाला नावाने हाक मारत नसत. खाटेचा नंबर तोच पेशंटचा, आणि तोच त्याच्या नातेवाइकांचा. माझा नवरा सहा नंबरच्या खाटेवर होता, म्हणून मी सहा नंबर. ह्यांच्या आईसुद्धा सहा नंबर, पण त्यांना "सहा नंबरची म्हातारी" म्हणायच्या. सासूबाई ते ऐकून दरवेळी दचकायच्या.

त्यांची एक लकब होती. खाटेजवळ आल्या की पट्टीकडे नुसती नजर टाकायच्या आणि सरळ पेशंटच्या पाठीखाली हात घालायच्या. अगदी कोपरापर्यंत. मग हात बाहेर काढून तळवा उजेडात धरून बघायच्या आणि पुढे जायच्या. मला वाटलं, चादरीला सुरकुत्या पडल्यात का ते बघतात. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पट्टी वरनं कोरडीच दिसते गो. रगत उताराला जातं, पाठीखाली." त्यानंतर दर थोड्या वेळाने मीही ह्यांच्या पाठीखाली हात घालू लागले आणि हे खेकसू लागले, "अगं, गुदगुल्या करतेस काय!"

दुसरी लकब पापण्यांची. येता-जाता कुणाचीही खालची पापणी अंगठ्याने ओढून आत बघायच्या. बाजारात मासे घेताना बायका कल्ले उचकटून लाल आहेत का बघतात ना, अगदी तसं. एकदा वॉर्डात वायरमन आला होता, त्याची पापणी ओढून "पालेभाजी खा रे" म्हणाल्या. बिचारा शिडीवरून पडता पडता राहिला.

पहिल्या दिवशी माझं रडणं थांबल्यावर त्या स्टुलाजवळ आल्या. म्हणाल्या, "तुझा मानूस कसा हाय?"

मी म्हटलं, "बरे दिसतायत आता."

"ते मी बघते. स्वभावानं कसा हाय ते विचारते."

हे काय विचारणं झालं! पण खोटं कशाला बोला? मी सांगितलं, रागीट आहेत. सारखी कुरकुर करतात. चहा गोड झाला तर कुरकुर, अगोड झाला तर कुरकुर. पंखा मोठा केला तर थंडी वाजते, लहान केला तर जीव जातो. मला दिवसातून एकदा तरी मूर्ख म्हणतात.

"झ्याक," सिस्टर म्हणाल्या. "मी त्याला आज बघते. तू किती वर्सं बघतेस. नाडी मी मोजीन, पन तो रोजच्यासारखा हाय का नाय, ते मला कळायचं नाय. ते तुला कळंल. आपला मानूस आपला वाटला नाय, की मला हाक मार. मी जेवत असले तरी मार. येडी म्हनतील लोक, म्हनू दे."

खरं सांगते, त्या क्षणापासून माझ्या भीतीला बसायला जागा मिळाली. भीती कमी झाली नाही, पण तिला काम लागलं. मी ह्यांच्याकडे अशी टक लावून बघायची की हेच वैतागून तोंड फिरवायचे, आणि त्यांनी तोंड फिरवलं की मला बरं वाटायचं.

धीट माणसांवर सिस्टरांचा मुळीच विश्वास नव्हता. समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा मिशीवाला, छाती काढून फिरणारा. "आमच्या बापाला काय होत नाय, लोखंड आहे लोखंड," असं वॉर्डभर सांगायचा. सिस्टर त्याला म्हणाल्या, "तू घरी जा बाबा, आनि घरात कोन भित्रं असंल त्याला पाठव." तो चिडून गेला आणि खरंच त्याची बहीण आली, सारखी नखं कुरतडणारी. तिला बघून सिस्टर खूश झाल्या.

मी त्यांना विचारलं, भित्र्या माणसाचा एवढा काय उपयोग? तेव्हा त्यांनी एक हकिगत सांगितली. पनवेलच्याच एका मुसलमान घरातल्या म्हाताऱ्या बाई मधुमेहासाठी दाखल होत्या. मुलगा दुबईहून आलेला, मोठा टेपरेकॉर्डर आणि अत्तराची बाटली घेऊन. "अम्मी एकदम फर्स्टक्लास आहेत," म्हणाला आणि दोस्तांना भेटायला निघून गेला. सून कोपऱ्यात बसलेली, इंजेक्शन दिसलं तरी डोळे मिटून घेणारी. ती दबकत सिस्टरांच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सिस्टर, माफ करा हं, पण अम्मींनी आज तस्बीह डाव्या हातात घेतलीय."

"जपाची माळ गो," सिस्टर मला म्हणाल्या. "डाव्या हातानं कोन वढतं? मी जाऊन बघते तं उजव्या हाताची मूठ वळत नाय. अर्धांगाची सुरवात. वेळेवर मुंबईला पाठवली. त्या पोरीला भीती वाटली नसती तं तिला ती माळ दिसली असती काय?"

मी विचारलं, "तुम्हाला नाही वाटत भीती?"

"रोज वाटते. जिना चढताना पाय जड होतात. काल ज्याला ठेवून गेले तो आज हाय का नाय, असं वाटतं." मग कापसाचे बोळे करता करता म्हणाल्या, "ज्या दिवशी वाटायची थांबंल त्या दिवशी घरी जाईन."

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशीची दुपार. पुण्याहून माझे दीर आले होते. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या. सगळं ठाकठीक वाटत होतं. नाकातली नळी तेवढी अजून होती, आणि पाणी प्यायला बंदी. सकाळी ह्यांनी मला मूर्ख म्हणून घेतलं होतं, त्यामुळे मीही जरा निवांत होते. डबा उघडणार एवढ्यात हे म्हणाले, "तू जेवलीस का?"

मला वाटलं, दिरांना विचारतायत. पण बघत होते माझ्याकडे.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत हा प्रश्न मला कधी आला नव्हता. मी म्हटलं, "जेवते आता." तर म्हणाले, "सावकाश जेव. दमली असशील. उन्हातान्हाची ये-जा करतेस." मग मोठी जांभई दिली. मी विचारलं, पंखा कमी करू का? तर म्हणाले, "तुला हवा तसा ठेव." पुन्हा जांभई. मग ओठांवरून जीभ फिरवत, "पाणी देशील का थोडं? जमलं तर."

जमलं तर! माझा नवरा मला 'जमलं तर' म्हणाला.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ," म्हणाल्या, "दुखण्याने माणूस कसा मऊ होतो." दीर हसले. शेजारच्या खाटेवरच्या बाई हसल्या. मी डबा तसाच मिटला. खाटेवरचा माणूस ह्यांच्यासारखाच दिसत होता, ह्यांच्याच आवाजात बोलत होता, पण मी त्याला ओळखत नव्हते. मी उठले तेव्हा दीर म्हणाले, "कुठे निघालात?" मी म्हटलं, "सिस्टरांना बोलावते. हे चांगलं बोलतायत."

मग तर हसू आवरेना कुणाला. "वहिनी, नवरा गोड बोलला तर तो आजार असतो का?" शेजारच्या बाई टाके धरून हसत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "बस गं, त्या बाईला कशाला जेवणावरून उठवतेस?" मला इतकी लाज वाटली की दारापर्यंत जाऊन मी थांबले. परत वळून बघितलं. हे माझ्याकडे बघून हसले. तोंडभर, प्रेमाने. मी धावतच सुटले.

सिस्टर टेबलाशी बसून तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील खात होत्या. मला बघून त्यांनी घास खाली ठेवला. "काय दिसलं?"

मी म्हटलं, "सकाळी मला मूर्ख म्हणाले होते."

"आनि आता?"

"जेवलीस का, म्हणाले."

त्या हसल्या नाहीत. ताटावरून उठल्या, नळाखाली हात धुतले आणि पुसत पुसतच चालायला लागल्या.

खाटेजवळ आल्यावर नेहमीसारखा पाठीखाली हात घातला. कोरडा निघाला. पट्टीही कोरडी. दीर म्हणाले, "सिस्टर, काही नाही हो, वहिनी जरा घाबरट आहेत." सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पापणी ओढून बघितली. बोटाचं नख दाबून सोडलं आणि रंग परत यायची वाट बघत राहिल्या. तो येतच नव्हता, मलाही दिसत होतं. कपाळाला हात लावला, कपाळ गार आणि ओलं. लघवीची पिशवी उचलून बघितली. तिच्यात सकाळपासून जवळजवळ काहीच भर पडली नव्हती. मग मनगट धरून घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते आणि जसजसे हलत होते तसतसा त्यांचा चेहरा बदलत होता. तो चेहरा मला अजून स्वप्नात दिसतो. त्या घाबरल्या होत्या.

पुढचं सगळं इतकं भराभर झालं की मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. दिरांना खाली पिटाळलं, डॉक्टरांना घरी फोन करायला. आयाबाईंनी विटा आणल्या आणि पायांकडची खाट उचलून तिच्याखाली लावल्या. सलाइन धो धो सोडलं, दुसऱ्या हाताला आणखी एक सुई टोचली, अंगावर घोंगडी घातली. आणि मला म्हणाल्या, "हात धर त्याचा. बोलत ऱ्हा. उत्तर आलं नाय की वरड."

काय बोलायचं? मी वेड्यासारखी विचारत होते, आज आमटीत मीठ जास्त झालंय का? शेजारच्या खोलीतल्यांनी नळ चालू ठेवलाय, भांडायला जाऊ का? हे म्हणत होते, "राहू दे. जाऊ दे. तू बस." प्रत्येक गोड उत्तराला माझा जीव अर्धा होत होता. एकदा तरी चिडा हो, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

डॉक्टर जेवणावरूनच उठून आले, बोटांना भात तसाच. सिस्टरांनी त्यांना कानात दोन वाक्यं सांगितली. त्यांचा या बाईंवर पूर्ण भरवसा होता. पोट दाबून बघताच म्हणाले, "थिएटर तयार करा." आत कुठेतरी रक्त सुटलं होतं. जाता जाता सवयीने मला म्हणाले, "घाबरू नका." सिस्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते वाक्य अर्धवट ठेवून निघून गेले.

दिरांनी कंपनीत फोन केला. शिफ्ट सुटली तशी कंपनीची बसच हॉस्पिटलच्या दारात येऊन उभी राहिली. ह्यांच्या खात्यातली माणसं अंगाला तो तसलाच वास घेऊन रक्त द्यायला रांगेत उभी राहिली. ज्या वासाला मी आठ वर्षं नाक मुरडलं, तो जिन्यातून वर आला आणि मी तिथेच हमसून हमसून रडले.

थिएटरचं दार लावण्याआधी सिस्टर बाहेर डोकावल्या. बाकावर सासूबाई जप करत होत्या, दीर येरझारा घालत होते. कुणीही हसत नव्हतं. सिस्टर मला म्हणाल्या, "आता घाबरून घे पोटभर. आत मी हाय, बाहेर तू." आणि दार लावलं.

मी घाबरून घेतलं. तेवढं मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते आणि त्यानंतर एकदाच घाबरले.

हे वाचले. पुढचे दोन दिवस डोळे मिटूनच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाठीखाली हात घातला तर आवाज आला, "मूर्ख, गार हात लावतेस!" मी रडत रडत टेबलाकडे धावले आणि सिस्टरांना सांगितलं, "मला मूर्ख म्हणाले!" सिस्टर म्हणाल्या, "झाला बरा. आता नळी काढू." सासूबाईंनी वॉर्डात पेढे वाटले. ते कशाबद्दल, हे समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

हे आजही तसेच आहेत. रिटायर झालेत, आणि त्यामुळे कुरकुर करायला भरपूर वेळ मिळतो. कधी चुकून प्रेमाने बोलले, तर मी आधी त्यांचं नख दाबून बघते. ते हात ओढून घेतात आणि मी स्वयंपाकाला लागते.

त्यानंतर सिस्टरांशी माझं येणं-जाणं सुरू झालं. म्हणजे मीच जायची. तांदळाची भाकरी मला चांगली जमत नाही, म्हणून त्या मला दरवेळी बोलायच्या आणि दरवेळी संपवायच्या. मासळीबाजारात भेटल्या की लांबून ओरडायच्या, "ए सहा नंबर, ती सुरमई शिळी हाय, घेऊ नको!" कोळणी त्यांच्यावर तुटून पडायच्या. लोक माझ्याकडे वळून बघायचे, ही कोण सहा नंबर म्हणून. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नंतर सवय झाली. माझं नाव काय, ते त्यांनी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना ते ठाऊकच नसावं.

काही वर्षं गेली. नवीन पनवेलात इमारतींमागून इमारती उठल्या, आमचीही स्वतःची जागा झाली. मध्ये काही महिने माझं जाणं झालं नव्हतं. एका सकाळी हॉस्पिटलातल्या आयाबाई दारात. म्हणाल्या, "सिस्टरनी निरोप दिलाय. सहा नंबरला सांग म्हनल्या, घाबरायला ये."

मला आधी हसू आलं. मग आयाबाईंचा चेहरा बघितला.

सिस्टरांच्या पोटात गाठ निघाली होती. मुंबईला ऑपरेशन झालं होतं आणि त्या हट्टाने पनवेलला परत आल्या होत्या. टेबलावरून सरळ दिसेल अशी दाराजवळची खाट त्यांनी स्वतःच निवडली होती. आता केस पिकलेले डॉक्टर दिवसातून कितीदा तरी येऊन जात. उरणहून भाच्याची बायको आली होती, मनाने चांगली, खणखणीत बोलणारी. "आत्याबाई, काय नाय होत तुमाला, आमी हाव ना," असं म्हणून तिने माझ्यासमोर त्यांची उशी थोपटली. ती डबा धुवायला गेली तशा सिस्टर मला म्हणाल्या, "पोरगी गुनाची हाय, पन धीट. हिला काय दिसायचं नाय. माझ्यासाठी घाबरायला कोन नाय गो. तू बस."

मी बसले. तेच लोखंडी स्टूल.

"काय बघायचं, माईत हाय ना?" त्यांनी माझी परीक्षाच घेतली. नख, पापणी, पिशवी, पाठीखाली हात. मी सगळं सांगितलं. "आनि?" मी म्हटलं, "तुमचा स्वभाव." त्या समाधानाने म्हणाल्या, "वाईट हाय माझा स्वभाव. तो बदलला की वरड."

मग मी रोज जाऊ लागले. ह्यांचं जेवण झाकून ठेवायचं आणि रिक्षा पकडायची. हे कुरकुरले नाहीत असं नाही, पण ताट स्वतः वाढून घ्यायला शिकले, आणि एकदा "सिस्टरांना सांग, सहा नंबर ठणठणीत आहे" असा निरोपही दिला. जिना चढताना माझे पाय जड व्हायचे. काल ज्यांना सोडून गेले त्या आज आहेत की नाहीत? वर पोहोचल्यावर आतून आवाज यायचा, "आली ही! चपला कुठं काढल्यास? येनारा-जानारा पडंल ना!" आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मुसंबीचा रस गाळला नाही म्हणून बोलायच्या. वेणी नीट घातली नाही म्हणून बोलायच्या. पाठीखाली हात घातला तर, "असा घालतात? कोपरापर्यंत घाल. एवढी वर्सं झाली, अक्कल नाय." मी दिवसभर बोलणी खायची आणि संध्याकाळी सुखाने घरी यायची. कुणी मला इतक्या मनापासून बोललेलं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

त्या दिवशी मी वर गेले तर आवाज आला नाही. झोपल्या असतील म्हणून मी हळूच स्टूल ओढून बसले. स्टुलाचा पाय करकरला, त्यावरही काही बोलल्या नाहीत. खिडकीतून दुपारचं ऊन पायांवर येत होतं. मी पदराने वारा घालत होते. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "सुनंदा."

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग लक्षात आलं, हे माझंच नाव.

"दमलीस गो," त्या म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात की तो त्यांचा वाटेना. त्यांनी माझा हात हातात घेतला. बोटं गार होती. "किती दिवस बसतेस माझ्यापाशी. जा घरी." आणि मग, हसून, "घाबरू नको."

मी त्यांचं नख दाबलं. सोडलं. ते पांढरंच राहिलं.

मी अशी किंचाळले की टेबलाशी बसलेल्या नव्या सिस्टरच्या हातातलं पेन खाली पडलं. ती पोरगी धावत आली, त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय झालं मावशी? किती छान बोलल्या की तुमच्याशी, मी ऐकलं. कशाला घाबरताय?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "डॉक्टरांना बोलाव. पळ."

ती पळाली. डॉक्टर आले, त्यांना जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी केलं. या वेळी उपयोग झाला नाही. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलं होतं तेव्हा त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "आता घरी जा तुम्ही."

मी सिस्टरांच्या पाठीखाली हात घातला. कोपरापर्यंत. चादर कोरडी होती, पाठ अजून गरम होती.

मी घरी गेले नाही. तिथंच बसून घाबरत राहिले.